सव्वाशे वाट्यांवरचे नाव

आबाजी कवडे, आबाजींचे दिगंबर आणि दिगंबरांचे विलास या तीन पिढ्यांनी आमच्या पेठेत भांडी विकली. पहिल्यांची मी सून, दुसऱ्यांची पत्नी आणि तिसऱ्याची आई. तिघांचीही नावे मी येथे निःसंकोच लिहिली आहेत, परंतु त्यांतली पहिली दोन माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेली नाहीत. लिहिणे वेगळे आणि उच्चारणे वेगळे. आमच्या काळी हा भेद सुनेला शिकवावा लागत नसे. मी तो पाळला आणि त्याचा मला अभिमान होता. चौथ्या पिढीच्या बारशाला मात्र त्याची परीक्षा झाली.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता हमीदभाई मागच्या दाराने वाट्यांचे पोते घेऊन आले. हमीदभाई आमच्या दुकानात भांड्यांवर नावे घालीत. मशीनची सुई हातात धरली की समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता विचारीत, "कोणाकडून, कोणाला?" नवऱ्याचे नाव घालायचे असले की बायका लाजून शेजारणीला पुढे करीत, आणि हमीदभाई खाली मान घालून म्हणत, "वहिनी, मशीनला ऐकू येत नाही. सांगून टाका."

आम्हा कासारांच्या घरी बारसे म्हटल्यावर पाहुण्यांना भांडे द्यावेच लागते. सव्वाशे स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीवर बाळाचे नाव. आता बारशाआधी नाव फोडायचे नाही, ही आमची रीत. ते आत्याने बाळाच्या कानात सांगायचे आणि मगच जगाने ऐकायचे. म्हणून विलासने नाव एका चिठ्ठीवर लिहून हमीदभाईंना दिले होते, आणि हमीदभाईंनी ते तीन दिवस बसून मुकाट्याने घातले होते.

मी पोत्यातून एक वाटी उचलली. बाळाची आजी मी. मी नाव पाहिले तर बिघडते कुठे?

वाटीवर होते : चि. चांदवणी हिच्या बारशानिमित्त.

मी वाटी खाली ठेवली. "हमीदभाई, हे नाव कोणी दिलं?"

"विलासशेठनी, वहिनी. काही चुकलं का?"

"वाचलंत तुम्ही?"

"मी घालतो, वाचत नाही," हमीदभाई म्हणाले. "वाचत बसलो असतो तर चाळीस वर्षांत वेडा झालो असतो."

मी सुनेला हाक मारली. शैला बाराव्या दिवसाची बाळंतीण; डोक्याला रुमाल बांधून आली. तिला आई नव्हती, म्हणून हे बाळंतपण मीच केले होते. मुलगी शिकलेली, बोलायला मऊ आणि आतून चिवट होती. हे मला तोवर कळलेले होते.

"हे नाव तुला कुठं मिळालं?"

"घंगाळावर, आई. बाळाला ज्यात न्हाऊ घालता ना, त्याच्या काठावर कोरलंय. बारा दिवस मी तेच बघतेय. इतकं गोड नाव मी कुठंच ऐकलं नाही." मग तिने विचारले, "कोणाचं आहे हो ते?"

घंगाळ सासूबाईंच्या माहेरचे होते. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेले. सासरी आल्यावर त्यांचे नाव लक्ष्मी ठेवले गेले आणि मरेपर्यंत त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. घंगाळावरचे नाव राखेने घासले जाई, काठावर चमके आणि कोणीही ते वाचीत नसे.

"बाळाच्या पणजीचं," मी म्हणाले. "माझ्या सासूबाईंचं."

शैलाचा चेहरा फुलला. "मग तर फारच छान झालं."

"छान काय झालं? सासूच्या नावानं मी नातीला हाक कशी मारायची? आयुष्यभर 'अगं ए' म्हणू का तिला?"

एवढ्यात हे अंगणातून आत आले. त्यांनी वाटी उचलली, चष्मा वर करून नाव पाहिले. मग वाटी धोतराच्या सोग्याला पुसून पोत्यात ठेवत म्हणाले, "सव्वाशे आहेत ना? राहू दे आता."

दिगंबरराव कवडे यांनी "राहू दे" म्हटले म्हणजे त्यांना रडू येत होते, हे मला पस्तीस वर्षांच्या संसाराने शिकवले होते. मी पदर खोचला. "राहू दे तर राहू दे. पण मी ते नाव उच्चारणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

दुपारी चार वाजता माजघर बायकांनी भरले. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांची परात, कोपऱ्यात सुंठवड्याचा वास. शेजारच्या गल्लीतल्या वाघबाई पुढेच बसल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बारशाला आल्या तरी त्यांच्यापुढे बायका रांगेत बसत. माझी कन्या कुमुद, म्हणजे बाळाची आत्या, सकाळच्या गाडीने आली होती, आणि आल्यापासून तिचा हुकूम घरात चालू होता. तिच्याविषयी तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. ती कोणावर गेली हे सर्वांना दिसत होते.

बाळ पाळण्याच्या वरून गेले, खालून आले, आत निजले. कुमुद वाकली. पाठीत बुक्के घालायला चार जणी मागे सरसावल्या. विलासने तिच्या हातात वाटी दिली.

कुमुदने नाव वाचले आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"अगं सांग की," मागून कोणी म्हणाले. "आमच्या मुठी दुखायला लागल्या."

कुमुद सरळ झाली. "दादा, हे म्हणायचं कसं?"

"लिहिलंय तसं."

"लिहिलंय च. पण कुठला च? चंद्रातला की चांदण्यातला?"

विलासने शैलाकडे पाहिले, शैलाने विलासकडे. त्या क्षणी सर्वांच्या ध्यानात एकच गोष्ट आली. हे नाव चिठ्ठीवर लिहिले गेले होते, सुईने सव्वाशे वेळा कोरले गेले होते, आणि अजून एकाही माणसाने ते तोंडाने म्हटलेले नव्हते. नावे घालणाऱ्यांच्या घरात एवढी चूक घडू शकते, हे दुसऱ्या कोणाला पटणार नाही.

"चांद म्हणजे चंद्र," वाघबाईंनी निकाल दिला. "चंद्रातलाच च. टाळूला जीभ लावा."

"काहीतरीच, बाई," मागून तांबोळीण म्हणाली. "आम्ही चांदणं म्हणतो ते काय टाळूला जीभ लावून? दातांतून येतं ते."

"चांदणं निराळं, चांदवणी निराळं."

"मग वणीचं काय? ते पाण्याचं वणी की वणीची देवी?"

"गुळवणी म्हणतो तसं असेल."

"शी. पोरीचं नाव गुळवणी?"

माजघरात हशा पिकला. मुठी वळलेल्या चौघी मुठी सोडून बसल्या. प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेने नाव म्हणून पाहू लागली. कोणी चिमटा काढल्यासारखे म्हणे, कोणी शीळ घातल्यासारखे. पाळण्यातली मात्र डोळे उघडे ठेवून स्वस्थ पडली होती.

कुमुदने टाळी वाजवली. "पुरे झालं. असलं अडचणीचं नाव कशाला? जन्मभर पोरीनं लोकांना समजावत बसायचं का? पूजा ठेवू. सोपं आहे आणि सध्या चालतंही."

"आणि वाट्या?" विलास म्हणाला.

"वाट्या घासून मिळतात. हमीदभाईंना विचार."

शैला आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पाळण्यापाशी आली आणि तिने पाळण्याची दोरी हातात धरली. "ताई, पूजा नको."

"मग हेच ठेव. दोन्हींपैकी कुठलाही च घे, काय फरक पडतो?"

"पडतो," शैला म्हणाली. दोरी तिने सोडली नाही. "ते काही मी शोधून काढलेलं नाव नाही. ते एका माणसाचं आहे, बाळाच्या पणजीचं. त्यांना जसं हाक मारत असतील तसंच पाहिजे. भलत्याच उच्चारानं ठेवलं, तर ते त्यांचं नाव नव्हेच. कळत नसेल तर आज नावच ठेवायला नको."

बारशाला जमलेले माजघर नाव न ठेवता घुगऱ्या खाऊन परत जाणार, हे आमच्या पेठेत यापूर्वी कधी झाले नव्हते. कुजबूज सुरू झाली. कोणीतरी ह्यांना आत बोलावून आणले.

"तात्या, आजीचं नाव लोक कसं म्हणायचे?" कुमुदने विचारले.

"मला काय ठाऊक? मी तिला आई म्हणायचो. नावानं हाक मारायला मी काय तिचा बाप होतो?"

"आजोबा म्हणत असतील."

"तुझे आजोबा जन्मभर 'ऐकलं का' म्हणाले."

"मग तिच्या माहेरी विचारू. कोणी तरी असेल."

"माहेर," हे म्हणाले, "भोरच्या पलीकडच्या खोऱ्यात होतं. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं चहूकडे पांगली. मामा होते तेही गेले." एवढे बोलून ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरात विचारा."

घरात म्हणजे मला. पन्नासएक बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. वाघबाईंचीसुद्धा.

"वहिनी," तांबोळीण म्हणाली, "तुम्ही बावीस वर्षं नांदलात त्यांच्या हाताखाली. तुम्हाला माहीत असणार."

मला माहीत होते. त्या माजघरात, त्या पेठेत, कदाचित सगळ्या पृथ्वीवर ते ठाऊक असलेली मी एकटी होते. मी हातातले सुंठवड्याचे ताट खाली ठेवले आणि मला माझ्या लग्नानंतरचा तिसरा दिवस आठवला.

मी सतरा वर्षांची होते. तांदळाच्या ताटात माझे नवे नाव लिहायचे होते. आजेसासूबाईंनी सरस्वती हे नाव ठरवले होते. माहेरचे माझे नाव वेणू. ते आता मागे राहणार, हे मी गृहीत धरून रात्री उशीत तोंड खुपसून रडूनही घेतले होते. ह्यांनी सोन्याची अंगठी तांदळावर टेकवली, तोच सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. आजेसासूबाईंच्या समोर त्या कधी उंबऱ्याबाहेर उभ्या राहत नसत. त्या दिवशी ताटापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "दिगू, वेणूच लिही."

आजेसासूबाई म्हणाल्या, "रीत मोडतेस?"

"मोडते," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी वेणू लिहिले. आजेसासूबाई महिनाभर सासूबाईंच्या हातचे पाणी प्यायल्या नाहीत. आज पेठेत मला वेणूबाई म्हणतात, दुकानाच्या कागदांवर मी वेणू दिगंबर कवडे अशी सही करते, ते त्या एका शब्दामुळे.

त्याच दुपारी मागच्या अंगणात मी भांडी घासत होते. सासूबाई आल्या आणि घंगाळ माझ्यापुढे सरकवले. काठावर बोट ठेवले. "हे वाचता येतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"हे माझं. आमच्या ओढ्याचं नाव. आई पाण्याला गेली होती, तिथंच मी झाले." मग त्यांनी ते म्हणून दाखवले. अगदी हळू, जणू तोंडात काही नाजूक वस्तू आहे आणि ती फुटू द्यायची नाही. "नऊ वर्षांची होते, इथं आले. एकोणचाळीस वर्षं झाली, मला या नावानं कोणी बोलावलं नाही. कधी कधी घंगाळात पाणी ओतताना मीच म्हणून बघते." त्यांनी आजूबाजूला पाहिले. घरात कोणी जागे नव्हते. "वेणू, एकदा हाक मार मला. मी ओ देते का ते बघायचंय."

मी राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. तोंड उघडले. सासूचे नाव घ्यायचे? तिसऱ्याच दिवशी? माझी आई काय म्हणेल, देव काय म्हणेल? मी खाली पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

सासूबाई हसल्या. "बरं," एवढेच म्हणाल्या, आणि घंगाळ उचलून आत गेल्या. त्यानंतर बावीस वर्षे आम्ही एका घरात राहिलो. त्यांनी मला दुकानाचा हिशेब शिकवला, माझी तीन बाळंतपणे केली, शेवटच्या आजारात त्यांना घास मी भरवला. त्यांनी पुन्हा कधी ते मागितले नाही. मीही कधी ते दिले नाही. माझा अभिमान तो एवढ्यावर उभा होता.

"आई?" शैला म्हणाली.

मी पुढे गेले. माजघर बाजूला सरले. कुमुद पाळण्यापाशी उभी होती. तिला मी हाताने बाजूला केले नाही, तो मान आत्याचाच. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि मोठ्यांच्या पाया पडताना वाकतात तशी थोडी वाकले.

आणि मी हाक मारली. नुसते नाव घेतले नाही. अंगणापलीकडच्या माणसाला ऐकू जावी अशी हाक मारली. च चांदण्यातला, दातांमधून हलकेच सुटणारा. शेवटची णी लांबवलेली, माणूस पाण्याच्या पलीकडे असावे तशी.

"चांदवणी."

हे दारात उभे होते, त्यांनी चौकटीला हात लावला. पाळण्यातल्या बाराव्या दिवसाच्या जिवाने मान वळवली की माझा भास होता, यावर पुढे घरात पुष्कळ वाद झाले. मी माझे मत बदललेले नाही.

"ऐकलंस?" मी कुमुदला म्हणाले. "आता तू सांग. आणि नीट सांग."

कुमुद वाकली, कानाशी तोंड नेले आणि सांगितले. तिच्या पाठीत बुक्क्यांचा पाऊस पडला. चौघींनी खोळंब्याची सगळी कसर भरून काढली. मग घुगऱ्यांचे द्रोण फिरू लागले आणि जी ती बाई जाण्याआधी माझ्यापाशी थांबून म्हणून दाखवू लागली. "असं ना, वहिनी? चांदवणी?" वाघबाई सर्वांत शेवटी आल्या. तीनदा चुकल्या, चौथ्यांदा बरोबर म्हणाल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शाळेत येईल तेव्हा चुकणार नाही." शैला माझ्या पाया पडायला वाकली, तिला वर उचलताना मी रागावले, कारण बाळंतिणीने वाकू नये.

सव्वाशे वाट्या सव्वाशे घरांत गेल्या. त्या घरांत त्यांतून आमटी वाढली गेली, तूप काढले गेले, लहान मुलांना दूधभात भरवला गेला, आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे ते नाव राहिले. दीड वर्षाने तांबोळणीच्या नातीचे नाव चांदवणी ठेवले. मला राग आला. नाव आमचे होते. मग मारुतीच्या देवळामागे एक झाली, एक गुरवाच्या घरी. एका संक्रांतीला हमीदभाई हसत सांगू लागले, "वहिनी, आणखी एक आली आज. नाव घालायला आले होते. मी म्हटलं, आधी बरोबर म्हणून दाखवा, मग मशीन चालू करतो. दोनदा परत पाठवले."

"तुम्ही तर वाचत नव्हता."

"हे एक वाचतो," हमीदभाई म्हणाले.

माझी नात दुसरीत गेली त्या वर्षी एक दिवस विलास परगावी होता आणि शैलाला ताप होता. शाळा सुटल्यावर मुलीला आणायला मीच गेले. शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले. घंटा झाली आणि निळ्या झग्यांचा लोंढा बाहेर आला. मला तिची एकटीची वेणी काही दिसेना. बारशाच्या दिवसापासून मी तिला घरात नावाने हाक मारीत असे, पण चारचौघांत, रस्त्यावर, गळा काढून कधी मारली नव्हती.

मी पदर सावरला आणि हाक मारली.

"चांदवणी!"

"ओ," माझ्या नातीने फाटकाच्या आतून उत्तर दिले. "ओ," दुसरी म्हणाली, ती तांबोळणीची. गुरवाची पोर झाडाखालून "ओ" करीत धावत आली आणि तिच्यामागे आणखी एक, जिला मी ओळखतही नव्हते. चौघी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकीत, आपल्यालाच बोलावले आहे अशा खात्रीने.

फाटकातून वाघबाई पाहत होत्या. "कोणती हवी, वेणूबाई?"

"चौघीही," मी म्हणाले, आणि चौघींना घेऊन घरी आले.

सासूबाईंनी एकदाच हाक मागितली होती. त्या दिवशी चार वेळा ओ आली, आणि माझ्याकडे त्यांचे काही देणे उरले नाही.